घार, गरुड आणि मधली फांदी

१

पंधरा वर्षांपूर्वी माझी पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्या अखेरच्या प्रकरणात नायक संध्याकाळी मासुंदा तलावाच्या काठी उभा राहतो. कोपीनेश्वराच्या कळसावर एक गरुड घिरट्या घालीत असतो. त्या गरुडाकडे पाहता पाहता नायकाचा ठाणे सोडून जाण्याचा निश्चय पक्का होतो आणि कादंबरी संपते. या गरुडाचे त्या वेळी बरेच कौतुक झाले. एका परीक्षणकर्त्याने त्याला नायकाच्या मुक्त आत्म्याचे प्रतीक म्हटले. ते कात्रण मी पुष्कळ दिवस पाकिटात बाळगले, हे कबूल करायला आता हरकत नाही.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी माझा एक जुना विद्यार्थी टेंभी नाक्यावरील माझ्या बिऱ्हाडी आला. शाळेत मी चित्रकला शिकवतो. हा मुलगा माझ्या वर्गात सदैव खिडकीबाहेर पाहत बसे, म्हणून मी त्याला अनेकदा शिक्षाही केली होती. आता त्याच्या गळ्यात कॅमेरा होता आणि हातात माझी कादंबरी. त्याने शेवटचे पान उघडले. 'दुभंगलेली शेपटी वल्ह्यासारखी वळवीत गरुड पुन्हा कळसाकडे आला', असे मी लिहिले होते.

"सर," तो म्हणाला, "शेपटी तुम्ही अगदी बरोबर पाहिली आहे. पण ही गरुडाची शेपटी नव्हे. ही घारीची."

त्याने कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर एक छायाचित्र दाखवले. तोच तलाव, तोच कळस आणि तीच शेपटी. मी ओशाळलो. मग लेखकाला नेहमी सुचतो तो बचाव मलाही सुचला. वाङ्मयातले सत्य निराळे आणि शास्त्रातले सत्य निराळे, असे मी त्याला सांगू लागलो. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग सर, तिथे घार लिहिली असती तर काय बिघडलं असतं?"

या प्रश्नाचे उत्तर मी त्याला त्या दिवशी दिले नाही. ते देण्याचा हा प्रयत्न आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, म्हणजे आजच्या भाषेत दहावीपर्यंतचे. पक्षिशास्त्रावर अधिकारवाणीने लिहिण्याचा माझा हक्क नाही. परंतु हा प्रश्न पक्ष्यांपुरता नाही, तो आपल्या लेखनाचाही आहे. म्हणून एका कादंबरीकाराने स्वतःच्याच पानापासून टीकेला सुरुवात करावी, हे मला योग्य वाटते.

२

घार लिहिली असती तर काय बिघडले असते? खरे उत्तर असे की, घार मला पुरेशी थोर वाटली नाही. ती मासळीबाजारावर फिरते, उकिरड्यावर उतरते, आमच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर बसते. जी रोज दिसते ती प्रतीक कशी व्हावी? म्हणून डोळ्यांनी घार पाहिली आणि लेखणीने गरुड लिहिला. तो गरुड ठाण्याच्या आकाशातून आलाच नव्हता. तो विष्णूच्या वाहनावरून आणि लहानपणी वाचलेल्या पुस्तकांतून आला होता. माझ्या वाक्यातली शेपटी अनुभवाची होती आणि नाव उसने होते. एकाच वाक्यात खरे आणि खोटे शेजारी नांदत होते, आणि ते ना मला दिसले ना परीक्षणकर्त्याला.

हा दोष माझ्या एकट्याचा असता तर त्यासाठी दिवाळी अंकाची पाने खर्ची घातली नसती. मराठी गद्यात शिकारी पक्षी येतात ते बहुधा तीनच. महत्त्वाकांक्षेला गरुड, हावरेपणाला गिधाड आणि अचानक झडपेला ससाणा. ससाणा हा शब्द तर आपण इतका सैल केला आहे की शिक्रा, बहिरी, भोवत्या हे सारे त्यात कोंबले जातात. 

याउलट आपल्या जुन्या वाणीकडे पाहावे. जनाबाईंच्या अभंगातली घार ही घारच आहे. ती आकाशात हिंडते आणि तिचे मन पिलांशी गुंतलेले असते. ज्या बाईने दळणकांडण करता करता वर पाहिले, तिला घारीऐवजी गरुड लिहिण्याची गरज भासली नाही. वात्सल्याची एवढी मोठी प्रतिमा तिने रोजच्या पक्ष्यातून काढली. मारुती चितमपल्लींनी आपल्या एका पुस्तकाला त्याच अभंगातून नाव घेतले, यात मला मोठे औचित्य दिसते. जंगल खात्यातली नोकरी करताना या गृहस्थाने वनवासी लोकांकडून पक्ष्यांची नावे गोळा केली आणि पक्षिकोश सिद्ध केला. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. कादंबरीकाराने मेजावर ठेवावा असा तो कोश आहे, पण आपण तो ग्रंथालयातच ठेवला.

लोकांनी दिलेली नावे पाहिली म्हणजे त्यांच्या डोळ्यांची खात्री पटते. माळावर तारेवर बसणारी पांढुरकी, काळ्या खांद्यांची आणि लाल डोळ्यांची लहान घार म्हणजे 'कापशी'. कापसाचा बोळा तारेवर ठेवावा तशी ती दिसतेच. गवतावरून खालून खालून फेऱ्या घालणारा तो 'भोवत्या'. नाव उच्चारताच त्याचे उडणे डोळ्यांपुढे उभे राहते. ज्याने ही नावे ठेवली त्याला लेखक म्हणवून घेण्याचा हक्क माझ्याहून अधिक आहे.

गिधाडाची गोष्ट तर अधिक विचार करायला लावणारी आहे. विजय तेंडुलकरांचे 'गिधाडे' १९७० साली रंगभूमीवर आले. नाटक माणसांचे आहे आणि त्याच्या सामर्थ्याविषयी मला शंका नाही. पण त्या नावामागे जे गृहीत आहे ते पाहावे. एकमेकांना ओरबाडणाऱ्या माणसांना आपण गिधाडे म्हणतो. प्रत्यक्षात गिधाड सहसा कोणाला मारीत नाही. ते मेलेले खाते आणि गावाची हागणदारी व्हायची टळते. हे नाटक रंगभूमीवर आले तेव्हा देशात गिधाडे अगणित होती. १९९० नंतरच्या दशकात ती भराभर मरू लागली. जनावरांना दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफिनॅक मेलेल्या गुरांच्या मांसातून त्यांच्या पोटात जाते आणि त्यांचे मूत्रपिंड निकामी करते, हे २००४ साली सिद्ध झाले. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधाला बंदी आली. तोवर काही जातींची संख्या ९० टक्क्यांहून अधिक घटली होती. आज माझ्या वर्गातल्या मुलांना गिधाड ही शिवी येते, पण गिधाड कोणीही पाहिलेले नाही. पक्षी गेला आणि त्याच्यावरचा आरोप मागे राहिला. प्रतिमा ही अशीही वागू शकते.

३

माझ्या विद्यार्थ्याने मला पुढची दोन वर्षे शिकवले. रविवारी पहाटे आम्ही कधी खाडीवर, तर कधी येऊरच्या बाजूला जात असू. त्या शिकवणीतले काही इथे सांगितले पाहिजे, कारण माझी टीका त्यावरच उभी आहे.

पहिला धडा असा की, रंगावर विश्वास ठेवू नये. आकाशातल्या पक्ष्याचा रंग उजेडावर, वयावर आणि पिसे गळण्याच्या हंगामावर अवलंबून असतो. ब्राह्मणी घार मोठी झाल्यावर तांबूस अंगाची आणि पांढऱ्या डोक्याची होते. लहानपणी मात्र ती तपकिरी असते आणि साध्या घारीत सहज खपून जाते. मग ओळखावे कशावरून? शेपटीवरून. साध्या घारीची शेपटी मधे दुभंगलेली, ब्राह्मणी घारीची गोलसर. त्यातही गोम अशी की, साधी घार शेपटी पुरती पसरते तेव्हा तो दुभंग जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून एका क्षणावर निकाल देऊ नये, ती शेपटी मिटेपर्यंत थांबावे.

दुसरा धडा पंख कसे धरले आहेत ते पाहण्याचा. भोवत्या तरंगतो तेव्हा पंख किंचित वर उचललेले असतात, उथळ द्रोणासारखे. हिवाळ्यात खाडीवर येणारा ठिपकेवाला गरुड पंख सपाट किंवा थोडे खाली झुकवून तरंगतो. बहिरीचे पंख टोकदार. शिक्र्याचे आखूड आणि गोलसर, शेपटी लांब. चार-दोन वेळा पंख मारायचे आणि घसरत जायचे, अशी त्याची चाल. खाडीवर मासे धरणाऱ्या ऑस्प्रेचे पंख मनगटाशी असे मोडलेले की लांबून तो समुद्रपक्षीच वाटावा. पण डोळ्यावरून गेलेला काळा पट्टा आणि मासा तोंड पुढे करून नेण्याची रीत त्याला उघडे पाडते. मधुबाजाचे अंग गरुडासारखे आणि डोके कबुतराएवढे. त्याचे रंग इतके निरनिराळे की रंगावर जाणारा हमखास फसतो. 

तिसरा धडा छायाचित्राचा. घार उजळ आकाशावर असते. कॅमेरा त्या उजेडाला भुलतो आणि पक्षी काळा उमटवतो. म्हणून त्याला एक-दोन स्टॉप अधिक प्रकाश द्यावा लागतो. आकाश थोडे फिके पडते पण पंखाखालची नक्षी उघडते. सकाळचे तिरपे ऊन पंखाच्या खालच्या बाजूला पोचते, दुपारचे पोचत नाही. शिवाय ऊन तापले की खाडीवरची हवा थरथरू लागते आणि कितीही किमती लेन्स असली तरी पिसांच्या रेषा विरघळतात. उडत्या पक्ष्याला शटर सेकंदाच्या १/२००० भागाइतके जलद ठेवावे. पक्षी बहुधा वाऱ्याला तोंड देऊन उडतो आणि उतरतोही तसाच, म्हणून वारा पाठीशी घेऊन उभे राहावे. बसलेला गरुड पुढे झुकून शीट टाकतो, तेव्हा तो आता उडणार असे समजावे. हे सारे कळायला यंत्र लागत नाही. दिवसेंदिवस एका जागी उभे राहावे लागते.

आणि चौथा धडा, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. सुंदर छायाचित्र आणि उपयोगी छायाचित्र नेहमी एक नसते. माझा विद्यार्थी तिरपी, अर्धवट, काहीशी अस्पष्ट चित्रेही जपून ठेवी. त्यांत कधी शेपटीची खालची बाजू दिसे, कधी पंखाच्या टोकाची मोकळी पिसे मोजता येत. ओळख त्या चित्रांतून होई. डोळ्यात चमक असलेले एकच देखणे चित्र पुष्कळदा मुकेच असे.

मुंबईच्या रिशाद नवरोजी यांचा भारतीय उपखंडातील शिकारी पक्ष्यांवरचा मोठा इंग्रजी ग्रंथ २००६ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्याने तो मला दाखवला तेव्हा याच गोष्टीचा प्रत्यय आला. त्यात एकाच जातीचे बालपण, तारुण्य, बसणे, उडणे, वरची बाजू, खालची बाजू असे सारे येते. एका पक्ष्याला एक चित्र पुरत नाही, हे त्या ग्रंथाचे मौन विधान आहे. इंग्रजी मला जेमतेम येते, पण चित्रांची भाषा मी शिकवतो. कादंबरीकार म्हणून मला त्या ग्रंथाचा हेवा वाटला. आपण एका पात्राला एक विशेषण देतो आणि पुढे जातो.

४

आता जे सांगायचे ते सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला, हे वाचकांच्या लक्षात येईलच.

एका उन्हाळ्यात आमच्या शाळेच्या आवारातल्या आंब्यावर शिक्र्याच्या जोडीने घरटे केले. दुसऱ्या मजल्यावरच्या चित्रकलेच्या वर्गाच्या खिडकीतून ते दिसे. सुट्टी लागली होती. विद्यार्थी आठवडाभर येऊन खिडकीआड बसला. त्याने बरीच चित्रे घेतली, पण प्रत्येकात मादीच्या छातीवरून एक पालवीची फांदी आडवी गेलेली. शिकारी पक्ष्यांत मादी नरापेक्षा मोठी असते. ती त्या फांदीमागे पिलांवर पंख पसरून बसे. मी म्हटले, "एवढी एक फांदी बाजूला झाली तर काय बहारीचं चित्र येईल!" तो म्हणाला, "राहू दे, सर."

पुढे त्याला कामासाठी बाहेरगावी जावे लागले. जाताना त्याने आपला जुना कॅमेरा माझ्याकडे ठेवला. माझी दुसरी कादंबरी तेव्हा छपाईला जायची होती आणि वेष्टनासाठी मला चित्र हवे होते. एका रविवारी सकाळी मी सुतळीचा फास टाकून ती फांदी ओढली आणि खिडकीच्या गजाला बांधली. मादी उडाली, ओरडत फिरली आणि अर्ध्या तासाने परत आली. मी चित्र घेतले. स्वच्छ, निर्वेध, छातीवरचे आडवे पट्टे मोजता येतील असे. आनंदाच्या भरात मी जिना उतरलो. सुतळी सोडायची राहिली.

सोमवारी मी शाळेत गेलो नाही. मंगळवारी गेलो तेव्हा दोन कावळे घरट्याच्या कडेवर होते आणि घरट्यात काही नव्हते. मादी समोरच्या गच्चीवर बसून होती. फांदी गजाला बांधलेली होती आणि जिथे सावली असायची तिथे ऊन पडले होते.

विद्यार्थी परत आला तेव्हा मी त्याला सारे सांगितले. तो रागावला नाही. बराच वेळ खिडकीत उभा राहिला आणि म्हणाला, "सर, ती फांदी आपल्याला आडवी होती. त्यांना ती छप्पर होती."

मी कॅमेरा त्याला नेऊन दिला. पण चित्र मात्र मागे घेतले नाही. ते माझ्या दुसऱ्या कादंबरीच्या वेष्टनावर छापले गेले. पुष्कळांनी त्याची तारीफ केली. किती स्पष्ट आले आहे, म्हणाले. ज्यांच्या घरी ते पुस्तक आहे त्यांनी ते चित्र एकदा पुन्हा पाहावे. त्याच्या डाव्या कोपऱ्यात एक बारीक तपकिरी रेघ आहे. ती सुतळी आहे.

५

मराठीत आपण पक्षी 'टिपतो'. हा शब्द मला अलीकडे फार छळतो. बंदुकीने पक्षी टिपतात आणि कॅमेऱ्यानेही टिपतात. पाखरू दाणे टिपते. वहीत लिहितात ते टिपण, आणि रडणाऱ्याचे डोळेही टिपतात. एकाच क्रियापदात जीव घेणे आणि जीव लावणे दोन्ही आहेत. पूर्वी अभ्यासकांनाही ओळखीसाठी पक्षी पाडून हातात घ्यावा लागे. १९३४ साली अमेरिकेत रॉजर टोरी पीटरसन यांनी लांबूनच दिसणाऱ्या खुणांवर पक्षी ओळखण्याचे पुस्तक काढले. आपल्याकडे १९४१ साली सालिम अली यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक आले आणि सामान्य माणसाला हाती बंदूक न घेता पक्षी ओळखता येऊ लागले. छायाचित्रकार त्याच वाटेने आले. परंतु हातातली वस्तू बदलली म्हणजे हावही बदलते असे नाही. इंग्लंडचे एरिक हॉस्किंग १९३७ साली घुबडाच्या घरट्यापाशी चित्रे घेण्यासाठी गेले असता घुबडाने झडप घालून त्यांचा एक डोळा नेला. पक्ष्याचीही काही बाजू असते, हे त्या घुबडाने स्पष्ट सांगितले. माझ्या शिक्र्याला तेवढे साधले नाही. आज अनेक छायाचित्रस्पर्धांत घरट्यांवरची चित्रे नाकारतात. हा नियम मला त्या उन्हाळ्यापूर्वी जाचक वाटत असे.

ओळखणे म्हणजे काय, याचे एक उदाहरण देतो. नागालँडच्या पांगती गावी २०१२ साली अमूर ससाणे जाळ्यांत हजारोंनी धरून मारल्याचे उघडकीस आले. पुढच्याच वर्षी गावकऱ्यांनी जाळी लावली नाहीत. त्याच २०१३ मध्ये तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारी यंत्रे बसवून त्यांना नागा, पांगती आणि वोखा अशी तिथलीच नावे दिली. हे पक्षी भारत ओलांडून, अरबी समुद्रावरून आफ्रिकेला जातात. जो पक्षी काल घाऊक माल होता, त्याला गावाचे नाव लागले आणि गाव त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसले. अचूक नाव हे पक्ष्याला दिलेले अभय असू शकते. माझ्या कादंबरीतल्या घारीला मी तेवढेही दिले नव्हते.

तेव्हा विद्यार्थ्याच्या जुन्या प्रश्नाचे माझे उत्तर असे. घार लिहिली असती तर काही बिघडले नसते. माझी कादंबरी सुधारली असती. जो नायक रोजच्या घारीकडे पाहून ठाणे सोडतो, तो गरुडाकडे पाहून सोडणाऱ्यापेक्षा अधिक खरा आणि अधिक दुःखी आहे, कारण घार कुठेच जात नाही. ती त्याच कळसावर राहते. हा अर्थ माझ्या हाताशी होता. एका भारदस्त शब्दासाठी मी तो गमावला.

आणि वाङ्मयाची परीक्षा करणाऱ्यांना, त्यात मीही आलो, एवढेच सुचवावेसे वाटते की पिसांच्या रंगावर जाऊ नये. लेखक विशेषणे कोणती वापरतो ते पाहण्याऐवजी त्याचे वाक्य पंख कसे धरते ते पाहावे, आणि एका झळाळत्या परिच्छेदावर निकाल न देता शेपटी मिटेपर्यंत थांबावे. व्यंकटेश माडगूळकरांचे 'सत्तांतर' पाहावे. वानरांच्या टोळ्यांची ती कथा वाचताना लेखक आपली फांदी बाजूला ओढीत नाही. जे दिसते ते दिसते, जे पानाआड आहे ते पानाआड राहते. म्हणून तिथली वानरे वानरेच राहतात आणि तरीही आपल्याला आपली माणसे आठवतात. स्पष्टता हा गुण खराच. पण ती कशाच्या मोलाने आली, हे विचारणे टीकाकाराचे काम आहे.

नवरात्रात टेंभी नाक्यावर देवीची मिरवणूक येते, दिवे लागतात, रात्रभर आवाज चालतो. त्या नऊ दिवसांत घारी कुठे निजतात हे मी यंदा पहिल्यांदाच पाहिले. त्या तलावापलीकडच्या झाडांवर जातात आणि उजाडताच परत येतात. वर्गात मी मुलांना त्यांची शेपटी काढायला शिकवतो. एका मुलीने घारीसमोर एक मोठी फांदी काढली आणि निम्मी घार तिच्यामागे दडवली. पूर्वी मी तिचे गुण कापले असते.

माझ्या विद्यार्थ्याजवळ त्या मादीची आठवडाभराची चित्रे अजून आहेत. प्रत्येकात ती फांदी आडवी आहे. दुसऱ्या कादंबरीची नवी आवृत्ती निघालीच, तर वेष्टनासाठी त्यांतले एक मागावे असे मनात आहे. तो देईल की नाही, हे त्याने ठरवायचे आहे.